पोपटी न लावणारं घर

रूपेशच्या गाडीतून जो कोणी आमच्या अंगणात उतरतो त्याला मी पाणी देते, पण बसायला खुर्ची देत नाही. रूपेश जमिनीचा एजंट. आमच्या पोशीर गावची कितीतरी माळरानं त्याच्या हातून गेली आणि तिथं आता कमानी, कुंपणं आणि वर्षातून चार दिवस उघडणारे बंगले उभे आहेत. आमच्या एक एकर बारा गुंठ्यांवर त्याचा दोन वर्षं डोळा होता. म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी त्याच्या गाडीचं मागचं दार उघडून पांढरे बूट घातलेली साठीची एक बाई उतरली, हात जोडून म्हणाली, "नमस्कार. मी माझ्या माणसांचा शोध घेत आहे," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढं शुद्ध मराठी आमच्याकडे फक्त वकील बोलतात.

बाईंचं नाव ललिता पदू. मॉरिशसला शाळेत शिकवत होत्या, आता निवृत्त. आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, गावात सगळ्यांत म्हातारे, शहाऐंशीचे. म्हणून रूपेशने त्यांना थेट आमच्याकडेच आणलं होतं, असं त्याचं म्हणणं. बाईंनी पिशवीतून एक कागद काढला आणि अप्पांच्या पुढ्यात धरला.

"माझ्या पणजोबांचे वडील इथून गेले. अठराशे बासष्ट साली. घाटात रेल्वेचं काम चालू होतं, तिथे खडी फोडायला म्हणून मुकादमाने नेलं आणि मुंबईला बोटीवर चढवलं. पाच वर्षांचा करार होता, ऊसतोडीचा. करार संपला, पण ते परत आले नाहीत. आमच्याकडे अशा मजुराचं नाव हेच पुढे घराचं आडनाव होतं. त्यांचं नाव पदू."

"आन् गाव?" अप्पांनी विचारलं.

"कागदात फक्त नेरळ लिहिलं आहे. नेरळच्या आसपासचं कोणतंही गाव असू शकतं. वडिलांचं नाव आहे. कमळ्या."

अप्पा तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा तळहातावर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"नाय बाई," ते म्हणाले. "असं नाव आमच्यात कदी नव्हतं."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पितृपक्षात आमच्या घरी पितरांना पान ठेवतात तेव्हा अप्पा एकेक नाव घेतात आणि मी एकेक घास ठेवते. तिसावर वर्षं मी हे करते आहे. सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांत जुनं नाव कमळ्याचं असतं. म्हातारा बिनदिक्कत खोटं बोलला होता, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला.

कारण शेजारच्या जिजाचं काय झालं ते आम्ही पाहिलं होतं. तिच्या सासऱ्याचा एक भाऊ कधीकाळी परागंदा झालेला. तीन वर्षांपूर्वी त्याचा नातू म्हणून एक जण उगवला, अंगणात बसून जिजाच्या हातचं जेवला, सासूच्या पाया पडून रडला. चार महिन्यांत नोटीस आली. आता दावा चालू आहे आणि तो निकाली निघेपर्यंत घराचं कौलसुद्धा बदलता येत नाही म्हणतात. जेवलेल्या माणसाने असं केलं. मग ही तर साता समुद्रापलीकडची, आणि आली कोणाच्या गाडीतून, तर रूपेशच्या! रूपेशने माझ्या जमिनीला वारस आयात केला, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं?

"इचारून बगा दुसरीकडं," मी म्हटलं आणि रिकामा तांब्या उचलला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. त्याही मला जोखत होत्या.

दुपारी रोहिणी आली. रोहिणी माझ्या दिराची मुलगी, नेरळला तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली.

"काकी, ती बाई माज्याच खोलीत उतरलीय. आन् सकाळी तिनं मला काय इचारलं म्हायतीय? म्हनली, या बाजूला पोपटी न लावणारं एकादं घर आहे का?"

माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं.

"तू काय सांगितलंस?"

"म्हनलं मला नाय म्हाईत. पन काकी, तिला हे कसं ठावं? आधी ती खालापूरला जाऊन आली. तिथं दोन घरं म्हनली आमीच तुमचे. एकानं तर वंशावळ टाइप करून आनली आन् पदूचं नाव वर पेनानं घुसवलेलं. तवापास्नं ती कुनाला सगळं सांगत नाय. सगळ्यांकडं चोरासारकं बगते. पन पोपटीचं सगळीकडं इचारते."

आता हे नीट सांगायला हवं. भात कापून झालं की आमच्या भागात त्याच जमिनीत वाल लावतात. जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. ही पोपटी. कर्जत-खालापुरात थंडीत हिचा वास येत नाही असं शेत नाही आणि ती न खाणारं माणूस नाही. फक्त आमचं घर सोडून. आमच्यात पोपटी लाभत नाही. का? सासूबाई म्हणायच्या, "लावली की घरातला पुरुष जातो." त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. याच्यापुढे कोणी विचारलं नव्हतं.

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, चौकजवळचं. लग्नाआधी मी माझ्या भावांच्या बरोबरीने पोपटी लावायचे. मडकं कधी उतरवायचं ते मला वासावरून कळायचं. आणि सासरी आल्यावर पहिल्याच थंडीत कळलं की आपल्याच शेतातल्या शेंगा तोडायच्या, दुसऱ्यांना द्यायच्या आणि संध्याकाळी दार लावून आत बसायचं, कारण गावभर वास सुटलेला असतो. एकतीस थंड्या मी तो वास नाकाने खाल्ला. एवढं पाळून काय मिळालं? माझा नवरा चव्वेचाळिसाव्या वर्षी कावीळ होऊन गेलाच. तेव्हा मला त्या रीतीचा इतका संताप आला होता की काय सांगू. पण मोडायची छाती झाली नाही, कारण मुलगा यज्ञेश तेव्हा बारा वर्षांचा होता.

आणि आता ही बाई माझ्या दाराची नेमकी खूण घेऊन हिंडत होती. आज रोहिणी गप्प बसली, उद्या एखादा सांगेल. तिला खूण सापडली की घर सापडलं, घर सापडलं की कमळ्या सापडला. मग सातबारा किती लांब?

"रोहिणी," मी म्हटलं, "बाईला सांग, विमलकाकीनं उद्या पोपटीला बोलावलंय."

रोहिणी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माज्या हयातीत नाय."

"मंग सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं तर चालंल?"

"पोराचा इचार कर गं."

तोच तर केला होता. यज्ञेश खोपोलीला कंपनीत कामाला आहे. दुसऱ्या दिवशी त्याला मी सकाळपासून तीनदा फोन केला. हेल्मेट घातलंस का, जेवलास का, घरी गाडी हळू आण. तिसऱ्यांदा तो वैतागला. "आई, झालंय काय तुला?" काय सांगणार होते? जमीन वाचवायला तुला पणाला लावतेय, असं?

चार वाजता मी स्वतः मडकं भरलं. इतक्या वर्षांनीही हात विसरले नव्हते. जिजाला साक्षीला बोलावलं होतं, आणि तिला आधीच दम दिला होता की तोंड फक्त खायला उघडायचं. अप्पा आत पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले. ललिताबाई रोहिणीच्या स्कूटरवरून आल्या. रूपेशची गाडी दिसली नाही. पण तो मागाहून येणार असेल, म्हणून मी रस्त्यावर एक डोळा ठेवलाच.

"अप्पा खाणार नाहीत का?" बाईंनी विचारलं.

"त्यांना पित्ताचा त्रास हाय," मी म्हटलं.

जाळ पेटला. बाई मडक्याकडे एकटक बघत होत्या, जसं काही आतून कोणी बाहेर पडणार आहे. अर्ध्या तासाने मी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, वास सुटला आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मलाच माझी लाज वाटली. मडकं काठीने ओढून केळीच्या पानावर रिकामं केलं.

बाईंना शेंग खाता येईना. मी दाखवली. शेंगेचं टोक दातांखाली धरायचं, देठाकडून सर्रकन ओढायचं. दाणे तोंडात, साल हातात. एकतीस वर्षांनी पहिली शेंग मी अशी तिला शिकवण्याच्या निमित्ताने खाल्ली. ओवा, मीठ आणि भांबुर्ड्याचा तो किंचित कडवट वास. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, धूर लागला.

"तुमच्याकडे दर वर्षी लावतात?" बाईंनी अगदी सहज विचारलं. पण सहज विचारलं नव्हतं. त्यांचे हात थांबले होते.

"दर वर्षी? अवो, थंडी पडली की आठवड्याला. आमच्या अप्पांचे अप्पा तर पोपटीसाठी पंचक्रोशीत नावाजलेले!"

जिजाला ठसका लागला. रोहिणीने तिच्या पाठीवर जरा जोरातच चापट मारली.

बाईंचा चेहरा पडला. एखादीला इतकं निराश झालेलं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद मला झाला नाही. त्यांनी हातातली साल पानावर ठेवली, रुमालाने बोटं पुसली.

"मग हेही घर नव्हे," त्या म्हणाल्या. "परवा माझं विमान आहे. आता लपवून काय करायचं? तुम्हाला सांगते, म्हणजे कधी ते घर सापडलं तर तुम्ही तरी त्यांना सांगाल. खालापूरला मी आधीच सगळं बोलून बसले आणि लोकांनी मला फसवलं, म्हणून इकडे मी गप्प राहिले. तुमच्यावरही मी संशय घेतला, विमलताई. माफ करा."

माझ्यावर संशय घेतल्याची माफी ती माझ्याजवळ मागत होती.

"पदू गेले त्या दिवशी घरात पोपटी लावलेली होती. आई म्हणाली, शेंगा खाऊन जा. ते म्हणाले, मुकादम थांबला आहे, घाटातून आठवड्याने येतोच, माझ्या वाट्याच्या ठेव. आणि गेले. दोन वर्षांनी त्यांच्याच गावचा एक माणूस मजूर म्हणून तिकडे आला. त्याच्याबरोबर आईचा निरोप होता. आमच्या घरात तो निरोप सगळ्यांना पाठ असतो. मलाही बाबांनी पाठ करून घेतला."

त्यांनी डोळे मिटले. आणि त्यांचं ते शाळेतलं मराठी एकदम गेलं. माझ्या अंगणात, माझ्या सासूबाईंच्या बोलीत ती परदेशी बाई बोलायला लागली.

"पदू, तुज्या वाट्याच्या शेंगा तशाच हायत रं. कुनी हात लावला नाय. तू येशील तवा लावू. तवर या घरात पोपटी कुनी लावायची नाय. तू ये."

जिजाने पदर तोंडाला लावला. पडवीत काहीतरी हललं.

बाई पुन्हा त्यांच्या नेहमीच्या मराठीत आल्या. "बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांना एकच घोर होता. म्हणायचे, ती आई कधीच गेली, पण रीत राहिली असेल. आपल्यामुळे त्या घरातली पोरंबाळं इतकी वर्षं नुसत्या वासावर राहिली असतील. कोणीतरी जाऊन त्यांना सांगा, तो आला म्हणून. खा म्हणून. मी त्यांना शब्द दिला होता. बाकी मला काही नको होतं."

नुसत्या वासावर. दार लावून बसलेली मी, आत चुलीपाशी तोंड फिरवून बसलेल्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आणि समुद्रापलीकडे कोणीतरी अख्खी हयात आमच्या जिभेची काळजी करत होतं! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं, गप्प बस विमल. ही नाटक करत असली तर? जिजाकडे आलेला तोही रडलाच होता. उठली की जाईल. परवा विमान आहे. जमीन राहील.

मी गप्प बसले. मान्य करते, मी गप्प बसले.

मागे काठीचा आवाज आला. अप्पा पडवीतून उतरून येत होते. जाळाच्या राखेपाशी आले, पानासमोर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाढ."

"अप्पा, पित्त..." रोहिणी म्हणाली.

"वाढ म्हनतो ना."

मी मूठभर शेंगा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली. सोलायला घेतात तशी नखाने तिची शीर काढू लागले. शेंग गरम होती, बोटं भाजली, त्यांनी ती खाली टाकली, पुन्हा उचलली. दाण्यांवरची साल सुटेना. एक दाणा कसाबसा सुटला तो मातीत पडला. तोही त्यांनी उचलला, धोतराला पुसला आणि तोंडात टाकला.

ललिताबाई बघत होत्या. कर्जत तालुक्यात शहाऐंशी वर्षं काढलेला शेतकरी, ज्याच्या शेतात वाल पिकतो, ज्याचे अप्पा पोपटीसाठी पंचक्रोशीत नावाजलेले, त्याला पोपटीची शेंग खाता येत नव्हती.

त्यांनी अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवायचा प्रयत्न केला आणि मला तो जमला नाही.

"कमळ्या आमचाच," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. या घरात आजवर पोपटी लागली नाय. आजची पयली. तुमाला घालवायला लावली मी. जमिनीत नाव लावायला आलात असं वाटलं मला." आणि मग राहवेना म्हणून विचारलंच, "नाय ना आलात?"

त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "पदूंचं नाव आम्ही घेऊन गेलो की, ताई. अजून कुठलं नाव लावू?"

खरं सांगायचं तर तरीही माझ्या मनातली शंका पुरती गेली नाही. ती जायला वेळ लागेल. पण पदूच्या आईने सांगितलं होतं, तू येशील तेव्हा लावू, आणि नेमकी पदूचं माणूस दारात आलं तेव्हाच, माझ्या हातून, माझ्या खोटेपणातून ती लागली होती. एवढं मला कळत होतं.

मोटरसायकलचा आवाज आला. यज्ञेश फाटकातून आत शिरला, धडधाकट, हेल्मेट हातात. राख, मडकं, पानावरच्या शेंगा आणि त्यांच्यापुढे बसलेले आजोबा बघून तो जागच्या जागी उभा राहिला.

"आई, हे काय?"

"आधी हात धुऊन ये," मी म्हटलं. "मंग सांगते."

अप्पा अजून दुसऱ्या शेंगेशी झटत होते. ललिताबाई सरकून त्यांच्याजवळ बसल्या, एक शेंग घेतली आणि तासाभरापूर्वी मी दाखवलं होतं अगदी तसंच टोक दातांखाली धरून दाखवलं.

"असं, अप्पा," त्या म्हणाल्या. "आणि आता ओढा."